तालुक्याच्या गावी कॅफे काढताना : मेन्यू, सेवा आणि हिशेब

‘आमच्या गावात बसण्यासारखा कॅफे नाही. आपण काढला तर चालेल का? आणि मेन्यूत काय काय ठेवावं?’ असं विचारणाऱ्या वाचकांची संख्या वाढते आहे. कुणी शहरातली नोकरी सोडून गावी परतलेलं असतं, कुणाचा एसटी स्टँडसमोरचा गाळा रिकामा पडलेला असतो, कुणी घरून केक विकता विकता आता दुकान मांडायच्या विचारात असतं. यातल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये पुण्या-मुंबईतल्या एखाद्या कॅफेच्या मेन्यूचा फोटो असतो : ऐंशी-नव्वद पदार्थ, सहा तऱ्हेचे पास्ते, दहा तऱ्हेच्या कॉफ्या. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

पदार्थ जास्त म्हणजे गिऱ्हाईक जास्त, हे गणित छोट्या गावात जुळत नाही. तिथला कॅफे दोन गोष्टींवर टिकतो. मोजकेच पदार्थ, पण रोज त्याच चवीचे मिळायला हवेत. आणि गावातल्या कुणालाही, विशेषतः बायका-मुलींना, तिथं संकोच न वाटता बसता यायला हवं. या दोन गोष्टी साधण्यासाठी काय ठरवावं लागतं, ते क्रमानं पाहू.

१. आधी गिऱ्हाईक पाहा, मग मेन्यू लिहा

पंढरपूर किंवा तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्री बाहेरगावची कुटुंबं येतात. तिथं पहाटेचा चहा आणि उपवासाचे पदार्थ खपतात. चिपळूणसारख्या महामार्गावरच्या गावात प्रवासी पंधरा मिनिटांत निघणार असतो. त्याला स्वच्छतागृह आणि पटकन मिळणारं पार्सल हवं असतं. बारामतीसारख्या कॉलेजांच्या गावात विद्यार्थी कमी खर्च करतात, पण रोज येतात आणि बराच वेळ बसतात. साध्या बाजारपेठेच्या गावी तहसील कचेरी, कोर्ट, बँका आणि दवाखाने यांच्याभोवती दिवस फिरतो.

जागेचा करार करण्याआधी किमान एक आठवडा त्या जागेसमोर वेगवेगळ्या वेळी थांबा आणि वहीत नोंद करा :

- सकाळी ७ ते १० : फिरायला निघालेले, शाळेत मुलांना सोडून परतणारे पालक, दुकान उघडायच्या आधी चहा घेणारे व्यापारी.
- दुपारी ११ ते ४ : कॉलेजची मुलं, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे, कचेरीत कामासाठी आलेले खेड्यातले लोक. कचेरीच्या भरवशावर राहणार असाल तर राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून शनिवार-रविवार सुट्टी असते, हे विसरू नका.
- संध्याकाळी ५ ते ९ : कुटुंबं, मैत्रिणींचे गट, वाढदिवस.
- आठवडी बाजाराचा दिवस : गर्दी सगळ्यात जास्त, पण बसायला वेळ कुणालाच नाही. त्या दिवशी झटपट पदार्थ आणि पार्सल चालतं.

वर्षाचं चक्रही लिहून काढा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात आणि मे महिन्यात विद्यार्थी कमी होतात, पण मे महिन्यातच चाकरमानी आणि माहेरवाशिणी गावी येतात. श्रावणात आणि नवरात्रात उपवासाचं खाणं लागतं. शेतीवर चालणाऱ्या गावात माल विकून पैसे हातात आले की बाजारपेठ हलते. पहिल्या वर्षाचं भांडवल ठरवताना दोन-तीन मंदीचे महिने धरूनच चाला.

२. पहिला मेन्यू : पंधरा ते सतरा पदार्थ

प्रत्येक पदार्थाला मेन्यूवर घेण्याआधी तीन प्रश्न विचारा :

- ऑर्डर दिल्यापासून दहा मिनिटांत तो टेबलावर येतो का?
- त्याला लागणारं साहित्य आणखी किमान दोन पदार्थांत वापरलं जातं का?
- तुम्ही गावाला गेलात तरी तुमचा माणूस तो तसाच बनवतो का?

तिन्ही उत्तरं ‘हो’ नसतील तर तो पदार्थ सध्या बाजूला ठेवा. पास्ता अशानंच मागे पडतो. त्याचा सॉस, चीज आणि भाज्या दिवसातून दोन प्लेट खपण्यासाठी फ्रिजमध्ये अडकून पडतात आणि आठवड्याच्या शेवटी टाकाव्या लागतात.

एका तव्यावर, एका ग्रिलरवर, दोन बर्नरच्या शेगडीवर आणि एका मिक्सरवर निभेल असा नमुना मेन्यू पाहा :

- गरम : आल्याचा चहा, गुळाचा चहा, फिल्टर कॉफी, हळद-दूध
- थंड : कोल्ड कॉफी, कोकम सरबत, मसाला ताक, लिंबू सोडा
- सकाळचं खाणं (११ वाजेपर्यंतच) : पोहे, उपमा, उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी
- दिवसभर : बन मस्का, भाजी-चीज ग्रिल सँडविच, थालीपीठ आणि लोणी, मसाला मॅगी
- गोड : नाचणीची बिस्किटं, एक प्रकारचा केक

यातलं लोणी, कांदा-टोमॅटो आणि दूध एकाहून जास्त ठिकाणी वापरलं जातं. म्हणून माल ताजा राहतो आणि खरेदीत भांडवल कमी अडकतं.

मेन्यू छापतानाच्या काही गोष्टी :

- मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापा. आजोबांना चष्मा न शोधता वाचता आला पाहिजे. अनोळखी नावाखाली पदार्थात काय आहे ते एका ओळीत लिहा. मेन्यू कळला नाही की माणूस विचारायला लाजतो आणि चहा पिऊन निघून जातो.
- अंडं असलेले पदार्थ वेगळे दाखवा. केक किंवा मेयोनीज अंड्याचं आहे की बिनअंड्याचं, ते स्पष्ट लिहा. अंड्याचे पदार्थ ठेवणार असाल तर तवा, चमचे आणि सुरी वेगळी ठेवा. गावात ही गोष्ट लोक पाहतात आणि लक्षात ठेवतात.
- कांदा-लसूण नसलेला किमान एक पदार्थ ठेवा.
- ‘पनीर’ आणि ‘चीज’ लिहिलंत तर तेच वापरा. वनस्पती तेलापासून केलेला स्वस्त पर्याय पनीर म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि ती कायद्याच्या कचाट्यातही येते.
- उपवासाचा पदार्थ वेगळ्या तेलात आणि वेगळ्या भांड्यात करा. तसं करणं जमणार नसेल तर तो मेन्यूवर घेऊ नका.

३. कॉफीचं मशिन घ्यायचं का?

सगळ्यात जास्त पैसे इथं अडकतात. चांगलं एस्प्रेसो मशिन आणि ग्राइंडर लाखांच्या घरात जातं. ते घेण्याआधी विक्रेत्याला विचारा : मशिन बिघडलं तर तंत्रज्ञ आमच्या गावी किती वेळात येतो? सुटे भाग कुठून येतात? पाणी जड असेल तर आत साचणाऱ्या क्षाराचं काय? उत्तर समाधानकारक नसेल तर थांबा.

पहिल्या वर्षी स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमधून काढलेल्या डिकॉक्शनवर उत्तम कॉफी देता येते. कॉफी पावडरीत चिकोरी किती टक्के आहे हे पाकिटावर छापलेलं असतं, ते पाहून घ्या. एक प्रमाण ठरवा आणि ते बदलू नका. डिकॉक्शन सकाळी आणि दुपारी असं दोनदा ताजं काढा. सकाळचं रात्रीपर्यंत ओढू नका. दिवसाला तीस-चाळीस कप गरम कॉफी सातत्यानं खपू लागली की मग मशिनचा विचार करा.

चहाला कमी लेखू नका. गावात तुमची पहिली परीक्षा चहावरच होते. पावडर, साखर, आलं आणि दूध यांची मापं भिंतीवर लिहून लावा. गुळाच्या चहात गूळ उकळताना घातला तर दूध फाटतं. तो भांडं उतरवल्यावर घालायचा, हे प्रत्येक कामगाराला माहीत हवं. टपरीवरचा चहा तुमच्यापेक्षा स्वस्तच राहणार. तुमच्याकडे गिऱ्हाईक जास्त पैसे देतं ते स्वच्छ कप, पंखा, बसायची खुर्ची आणि निवांतपणा यांसाठी. म्हणून या चारही गोष्टी खरोखर द्या.

४. गावचं ते मेन्यूवर आणा

तुमच्या परिसरात जे उत्तम पिकतं ते शहरातल्या कॅफेला महाग पडतं आणि तुम्हाला दारात मिळतं. जळगावकडे केळ्याचा शेक, नागपूरकडे संत्र्याचा रस आणि सकाळी तर्री पोहे, कोल्हापुरात गुळाचा चहा, सोलापुरात शेंगाचटणी लावलेलं सँडविच, सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोकम आणि सोलकढी, बीडकडे हंगामात सीताफळाचा मिल्कशेक. मेन्यूवर ‘या महिन्याचा पदार्थ’ अशी एकच जागा मोकळी ठेवा आणि हंगामाप्रमाणं तिथला पदार्थ बदला : उन्हाळ्यात पन्हं, पावसाळ्यात भाजलेलं कणीस, हिवाळ्यात हुरडा. लोकांना नवं काही मिळतं आणि तुमचा मेन्यूही लांबत नाही.

थालीपिठाची भाजणी, लाडू, बिस्किटं, चटण्या, लोणची गावातल्या महिला बचत गटाकडून किंवा घरून केक करणाऱ्या बाईंकडून घ्या. मात्र तीन गोष्टी आधी ठरवा : त्यांच्याकडे अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का, माल कोणत्या दिवशी किती येणार, आणि न खपलेला माल कुणाचा. पैसे ठरलेल्या तारखेला द्या. गावात तुमची पत यावरच तयार होते.

५. किंमत कशी ठरवायची

शेजारच्या हॉटेलचे दर पाहून पाच रुपये कमी लावणं हा तोट्याचा रस्ता आहे. प्रत्येक पदार्थाचा साहित्यखर्च काढा. एका कोल्ड कॉफीचं उदाहरण घेऊ. आकडे तुमच्या गावच्या भावानं बदला :

- दूध २०० मिली (६० रुपये लिटर) : १२ रुपये
- कॉफी ३ ग्रॅम : ९ रुपये
- साखर २० ग्रॅम : १ रुपया
- आइस्क्रीम एक स्कूप : १० रुपये
- सांडलवंड, बर्फ : २ रुपये

एकूण ३४ रुपये. साहित्यखर्च विक्रीच्या ३५ ते ४० टक्क्यांत राहावा, असं सर्वसाधारण गणित ठेवा. ३४ रुपयांचा पदार्थ ९० रुपयांना विकलात तर हा खर्च साधारण ३८ टक्के होतो. पार्सलचा ग्लास आणि झाकण यांचे वेगळे पैसे घेणार असाल तर ते मेन्यूवर आधीच छापा. पाण्याची बाटली आणि शीतपेय छापील किमतीलाच विका. जास्त दर लावून मिळणाऱ्या चार रुपयांपेक्षा तुमचं नाव मोठं आहे.

चहा-कॉफी आणि सरबतात नफा जास्त असतो, चीजच्या पदार्थांत कमी. म्हणून ‘सँडविच आणि ताक’, ‘थालीपीठ आणि चहा’ असे जोड ठेवा. सूट द्यायची तर पेयावर द्या, चीजवर नको.

६. महिन्याचा हिशेब आधी मांडा

समजा, दरमहा भाडं १२,०००, कामगारांचे पगार ३६,०००, वीज ७,०००, गॅस ६,०००, कर्जाचा हप्ता ९,००० आणि इंटरनेट, स्वच्छता, दुरुस्ती मिळून ५,००० असा खर्च आहे. बेरीज झाली ७५,००० रुपये. साहित्यखर्च ३८ टक्के धरला तर शंभर रुपयांच्या विक्रीतून हातात ६२ रुपये राहतात. म्हणजे ७५,००० भरून निघायला महिन्याला सुमारे १ लाख २१ हजारांची विक्री हवी. २६ दिवसांत ती दिवसाला ४,६५० रुपयांच्या आसपास येते. एका माणसाचं सरासरी बिल ७० रुपये असेल तर रोज ६६-६७ गिऱ्हाइकं.

आता यात तुमचा स्वतःचा पगार नाही, हे पाहा. तो २०,००० धरला तर रोज जवळपास ८५ गिऱ्हाइकं लागतील. तुमच्या आठवडाभराच्या नोंदवहीत एवढी माणसं दिसत नसतील तर जागा बदला, भाडं कमी करून घ्या किंवा एका माणसाचं काम स्वतः करा. सजावटीवरचा खर्च निम्मा केला तर कर्जाचा हप्ताही उतरतो.

कर्जासाठी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. त्यात किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

७. बसण्याची जागा : उजेड, मोकळेपणा आणि स्वच्छतागृह

काही गावांत पडदे लावून, प्लायवूडचे बंद खण करून तासाच्या हिशेबानं जागा देणारे कॅफे निघाले आणि त्यांच्यावर पोलिसांच्या कारवायाही झाल्या. त्यामुळे ‘कॅफे’ या शब्दालाच अनेक घरांत संशयानं पाहिलं जातं. मुलगी कॅफेत जाते म्हटलं की आई-वडील अस्वस्थ होतात. हा संशय तुम्हाला पहिल्या दिवसापासून दूर ठेवायला हवा :

- दर्शनी बाजूला पारदर्शक काच ठेवा. आत भरपूर उजेड असू द्या. बंद खण आणि पडदे अजिबात नकोत.
- तरुण मुलामुलींनी एकत्र कॉफी प्यायला हरकत असण्याचं काही कारण नाही. त्यांना सन्मानानं बसता येतं ते अशाच उघड्या जागेत. कामगारांनी त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, शेरे मारू नयेत, हे बजावून सांगा.
- दोन-तीन टेबलं सहा माणसांची ठेवा. कुटुंबं आणि मैत्रिणींचे गट तिथं बसतील. वयस्कर माणसांसाठी पाठ असलेल्या काही खुर्च्या हव्यात. उंच स्टुलांवर ते बसत नाहीत.
- स्वच्छतागृहात पाणी, कडी, दिवा, साबण आणि झाकणाचा डबा हवा. दर दोन तासांनी ते साफ झाल्याची नोंद दारामागे लावा. बाजाराला आलेल्या बाईसाठी ही सोय चहाहून मोठी असते. ती सोय मिळते म्हटल्यावर ती सगळ्या घराला घेऊन येते.
- कॅमेरे दारात आणि गल्ल्यावर लावा. स्वच्छतागृहाच्या आसपास नकोत.
- सिगारेट ओढायची जागा ठेवू नका.

८. सेवेचे नियम ठरवून ठेवा

- पहिली दोन मिनिटं : गिऱ्हाईक बसलं की पाणी आणि मेन्यू. काही संपलं असेल तर तेव्हाच सांगा, ऑर्डर घेतल्यावर नको.
- बराच वेळ बसणारे विद्यार्थी : त्यांना उठवू नका, पण गर्दीच्या वेळेचा नियम मेन्यूवर छापा : ‘सायंकाळी ६ ते ८ या वेळेत प्रतीक्षेत लोक असल्यास टेबल एका तासासाठी.’ दुपारी ११ ते ४ अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी चहा आणि बन मस्क्याचा स्वस्त जोड द्या. रिकामी टेबलं भरतात.
- उधारी : गावात ओळख सगळ्यांशी असते, म्हणून हा नियम सगळ्यात अवघड. पहिल्या दिवशी दिलेली उधारी बंद करता येत नाही. त्याऐवजी बँका, दवाखाने, दुकानं यांना आगाऊ पैसे भरून घ्यायची कूपनं द्या : दहा चहाच्या पैशात अकरा. मित्रांनाही हाच नियम लावा.
- दुकानात चहा पोहोचवणं : बाजारपेठेत थर्मासनं चहा देण्याची सोय केली तर मंदीच्या वेळी हक्काची विक्री मिळते. वेळ ठरवा आणि पाळा.
- वाढदिवस : किती माणसं, किती वेळ, काय काय मिळेल, याचं एकच दरपत्रक ठेवा. फवारे आणि फटाक्यांच्या मेणबत्त्या आत लावू देऊ नका. आगाऊ रक्कम घ्या.
- ऑनलाइन पैसे : ध्वनियंत्रावर रक्कम ऐकू आल्यावरच व्यवहार पूर्ण धरा, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा फोटो पुरेसा नाही. चुकून जास्त आलेले पैसे त्याच खात्यावर परत करा.
- घरपोच अॅप : करारात कमिशन किती, सूट कुणाच्या खिशातून आणि पैसे किती दिवसांनी, हे वाचूनच सही करा. प्रत्येक पदार्थाचा हिशेब कमिशन धरून पुन्हा मांडा.
- वीज : तुमच्या भागात देखभालीसाठी वीज कोणत्या दिवशी जाते ते विचारा. फ्रिज, बिलिंग, दिवे आणि पंखे चालतील एवढा इन्व्हर्टर पहिल्या खर्चातच धरा.

९. कागदपत्रं : दुकान उघडण्याआधी

- अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना : अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ नुसार छोट्यात छोट्या खाद्यव्यवसायालाही तो लागतो. वार्षिक उलाढालीनुसार साधी नोंदणी की राज्य परवाना ते ठरतं. अर्ज ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येतो; मर्यादा आणि शुल्क अर्जाच्या दिवशी तिथंच पाहा. १४ अंकी क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे.
- दुकाने व आस्थापना : २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार कामगार कमी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पुरतं.
- नगरपरिषद किंवा नगरपंचायत : व्यवसाय परवाना, नावाची पाटी, सांडपाणी आणि कचरा यांबाबत स्थानिक नियम विचारून घ्या.
- जागेचा करार : लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार तो नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार करून लाखोंचं फर्निचर करू नका. किमान तीन वर्षं आणि भाडेवाढीचा ठरलेला दर लिहून घ्या.
- वीज जोडणी : घरगुती जोडणीवर दुकान चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दरानं आकारणी होते. व्यावसायिक जोडणी घ्या.
- गॅस : १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर दुकानात वापरणं बेकायदा आहे. अग्निशामक यंत्र भरलेलं ठेवा. तेलाच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, हे सगळ्यांना शिकवा.
- जीएसटी : सेवा व्यवसायाला वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. वरच्या उदाहरणात तुमचा पगार धरून लागणारी सुमारे १ लाख ५३ हजारांची मासिक विक्री वर्षाला १८ लाखांवर जाते, म्हणजे मर्यादा दूर नाही. नोंदणीनंतर उपाहारगृहाचा दर ५ टक्के असतो आणि खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. कंपोझिशन योजनेतही ५ टक्केच, पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं चूक आहे.
- संगीत : दुकानात गाणी वाजवायला स्वामित्वहक्काचा परवाना लागतो; मोबाइलमधलं वैयक्तिक सदस्यत्व त्यासाठी चालत नाही.

१०. स्वच्छता आणि सुरक्षित अन्न

- थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, गरम पदार्थ ६० अंशांच्या वर. फ्रिजमध्ये तापमापक ठेवा.
- ओली चटणी, मेयोनीज, उकडलेले बटाटे रोजचे रोज. डब्यावर तारीख लिहा.
- बर्फ गाळलेल्या पाण्याचा आणि शक्यतो तुमच्याच फ्रिजरमधला.
- तळणीचं तेल वारंवार वापरू नका. त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही. काळं पडलेलं, फेस येणारं तेल टाकून द्या. तळण मेन्यूत जितकं कमी, तितका हा त्रास कमी.
- वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई आहे. शाईतली रसायनं अन्नात उतरतात.
- प्लास्टिकचे स्ट्रॉ, कप, ताटल्या, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. राज्यातली बंदी २०१८ पासूनची असून पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. आत बसणाऱ्यांना काचेचे आणि स्टीलचे पेलेच द्या.

११. कामगार तुमचा कॅफे चालवतात

आठवड्याची सुट्टी, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर हे कामगाराचे कायदेशीर हक्क आहेत. १४ वर्षांखालचं मूल कोणत्याही कामाला ठेवता येत नाही. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र फाइलला लावा. टीप कामगारांचीच असते. ती रोज सगळ्यांत वाटा. सर्दी-जुलाब असलेल्या माणसाला सुट्टी द्या आणि त्या दिवसाचा पगार कापू नका, म्हणजे तो आजार लपवणार नाही.

१२. तपासणी आली तर तुमचे हक्क

अन्नसुरक्षा अधिकारी आले की घाबरून जाऊ नका. ओळखपत्र पाहा, कागदपत्रं दाखवा. नमुना घेतला तर :

- नमुना घेत असल्याची लेखी सूचना मिळणं हा तुमचा हक्क आहे.
- नमुन्याची किंमत त्यांनी द्यायची असते.
- नमुन्याचे चार भाग करून सीलबंद केले जातात. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी तुम्ही तिथंच करू शकता.
- अहवाल विरोधात गेला तर त्यावर अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची असते, म्हणून कागद हातात पडताच हालचाल करा.

मालाची बिलं जपून ठेवा. दूध किंवा पनीर भेसळीचं निघालं तर ते कुणाकडून घेतलं हे दाखवणारा पुरावा तोच असतो.

१३. ग्राहकाचे हक्क लक्षात ठेवा

बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना त्याला मनाई करतात आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. प्रत्येकाला बिल द्या, दर ठळक लावा. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं, पण त्याआधी ते तुमच्याकडे येतं. पदार्थ बिघडला असेल तर वाद न घालता बदलून द्या आणि तक्रारवहीत नोंद करा. एकाच पदार्थाची दुसऱ्यांदा नोंद झाली की कृती तपासा.

१४. पहिले तीन महिने

- उद्घाटनाआधी आठवडाभर ओळखीच्यांना बोलावून कमी मेन्यूवर चाचणी घ्या. पैसे घ्या, म्हणजे खरं मत कळेल.
- प्रत्येक पदार्थाची रोजची विक्री लिहा. महिनाअखेरीस सगळ्यात कमी खपलेले दोन पदार्थ काढा आणि जास्तीत जास्त एक नवा घ्या.
- वेळेवर उघडा. ‘आज बंद’ची पाटी महिन्यात दोनदा लागली की लोक यायचे थांबतात.
- सहा महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळ्या खात्यात ठेवूनच सुरुवात करा. सजावटीसाठी या रकमेला हात लावू नका.

मेन्यू वाढवण्याची घाई करू नका. आधी चहा, कोल्ड कॉफी, सँडविच आणि थालीपीठ असे चार पदार्थ पक्के करा आणि ते कोणत्याही दिवशी, कुणाच्याही हातून सारखेच येतील याची खात्री करा. स्वच्छतागृह साफ आणि दिवे लख्ख ठेवा. या आठवड्यात जागा पाहायला निघाल, तेव्हा सोबत घरातल्या एखाद्या बाईला घेऊन जा आणि ‘तू इथं एकटी बसशील का?’ असं विचारा. ती ‘नाही’ म्हणाली, तर का ते समजून घ्या आणि ते दुरुस्त केल्याशिवाय करारावर सही करू नका.